रोबो उभा, आजोबा आडवे

दापोडीच्या एसटी कार्यशाळेत माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे यंत्रांची स्पर्धा बघायला चला म्हटल्यावर मला वाटलं, इथे तरी आपल्याला काही कळेल. न्यू जर्सीत मुलीकडे आल्यापासून तसं काहीच कळत नव्हतं. कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा इथपासून शिकवणी होती. ऑक्टोबरात आलो, राहायची परवानगी सहा महिन्यांची, बाहेर थंडी, जावई दिवसभर लॅपटॉपात डोकं घालून, आणि दहावीतली नात शाळा सुटल्यावर रात्री नऊपर्यंत शाळेच्याच वर्कशॉपमध्ये. का गं एवढा उशीर, तर म्हणे, "आजोबा, आमचा सीझन सुरू आहे." सीझन आंब्याचा असतो, लग्नांचा असतो. रोबोंचाही असतो हे मला नवीन होतं.

नातीने सांगितलेलं सगळं पहिल्या झटक्यात डोक्यात शिरलं असं मी म्हणणार नाही. मग जावयाने जेवताना उलगडून सांगितलं. फर्स्ट नावाची संस्था १९८९ मध्ये डीन केमन या संशोधकाने काढली. दोन चाकांवर उभ्याउभ्या चालवायची ती सेगवे गाडी त्याचीच. शाळकरी मुलांच्या रोबोंची त्यांची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एका हायस्कूलच्या जिममध्ये झाली, तेव्हा २८ संघ होते. आता हजारो आहेत, आणि कितीतरी देशांत. दर जानेवारीत एका शनिवारी जगातल्या सगळ्या संघांना एकाच वेळी नवा खेळ जाहीर करतात आणि पोरं कामाला लागतात. २०२५ चा खेळ ४ जानेवारीला जाहीर झाला. नाव रीफस्केप, म्हणजे समुद्रातली प्रवाळबेटं वगैरे. प्रत्यक्षात ते प्रवाळ म्हणजे पीव्हीसी पाइपाचे पांढरे तुकडे. मैदानात उभ्या केलेल्या फांद्यांवर ते वेगवेगळ्या उंचीला नेमके खोचायचे. शेवाळ म्हणजे मोठाले रबरी चेंडू, ते वेगळीकडे टाकायचे. शेवटी रोबोने वर टांगलेल्या पिंजऱ्याला धरून स्वतःला उचलून घ्यायचं. सामना अडीच मिनिटांचा. पहिली पंधरा सेकंदं रोबो आपल्या मनाने चालतो, पुढे मुलं चालवतात. तीन संघ लाल, तीन निळे, आणि पुढच्या सामन्यात जोड्या बदललेल्या. आत्ताचा दोस्त तासाभराने समोर उभा.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मी नातीच्या स्पर्धेच्या जिमच्या दारात उभा राहिलो. दारातच एका मुलाने टोपलीतून प्लॅस्टिकचा चष्मा काढून हातात दिला. आत मशीन चालतात, डोळे झाकल्याशिवाय प्रवेश नाही. माझ्या चष्म्यावर तो चष्मा चढवला आणि मला सगळ्या वस्तू जोडीने दिसायला लागल्या. त्या अवस्थेत मी आत शिरलो.

आवाज! विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या अलका चौकात उभं राहावं तसा. फरक एवढाच की वर छप्पर होतं आणि दारं बंद. मैदानाच्या तिन्ही बाजूंना बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, माइकवरचा निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडतोय, प्रत्येक संघाचे वेगळे टीशर्ट, वेगळी घोषणा, कुणाच्या डोक्याला शिंगं, कुणाच्या अंगावर केळ्याचा पोशाख. मध्येच गाणं लागलं की अख्खी बाकं उठून एका तालात नाचायची. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावायला लागत होतं. तासाभरात मी अनोळखी माणसांच्या कानांना जितक्यांदा तोंड लावलं तितकं उभ्या आयुष्यात लावलं नसेल.

पलीकडच्या मोठ्या खोलीत पिट. म्हणजे प्रत्येक संघाला साधारण दहा फूट बाय दहा फुटांचा गाळा, त्यात रोबो, हत्यारांच्या पेट्या, चार्जर आणि सात-आठ पोरं. गाळ्यांमधल्या बोळातून रोबो ढकलगाडीवर घालून मैदानाकडे नेतात, आणि पुढे चालणारं पोर "रोबोट! रोबोट!" असं ओरडत वाट काढतं. रोबोचं वजन पन्नासेक किलो, वर बॅटरी आणि भोवतीच्या गाद्या वेगळ्या. सायडिंगला उभं राहायला शिकलो तेव्हा कुठे माझी पावलं वाचली.

पण गाळ्यात शिरलो आणि जिवात जीव आला. अल्युमिनियमचे चौकोनी पाइप, साखळ्या, गिअर, ग्रीसचा तो वास. रोबोची चारही चाकं आपापल्या जागी गोल फिरतात, त्यामुळे तो तोंड न वळवता आडवा, तिरका, कसाही पळतो. हे प्रकरण मी बराच वेळ वाकून पाहत होतो. तेवढ्यात रोबोखाली झोपलेल्या एका मुलाने हात बाहेर काढला आणि ओरडला, "थ्री-एट्थ!" मी पेटीत पाहिलं. तीन सूत. पाना काढून त्याच्या पंजात ठेवला. पाच मिनिटांनी, "सेव्हन-सिक्स्टीन्थ!" साडेतीन सूत. तोही दिला. या पोरांचा सगळा कारभार इंचात आहे आणि आमची पिढी सुतावरच वाढली. त्या मुलाने मान बाहेर काढून कोण देतंय ते पाहिलं, हसला, आणि काळाकुट्ट हात पुढे केला. मी मिळवला. तेव्हापासून मी त्या गाळ्यातला पान्यांचा हेल्पर.

मी इतकं हस्तांदोलन पूर्वी कुठे पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. सामना संपला की सहाही संघांची पोरं एकमेकांना टाळ्या देणार. परीक्षक गाळ्यात आले की सगळ्यांशी हात मिळवणार. प्रत्येक संघाचे बिल्ले असतात, त्यांची देवाणघेवाण दिवसभर चालू. माझ्या स्वेटरवर संध्याकाळपर्यंत जागा उरली नव्हती. बक्षीस घ्यायला संघ गेला की परीक्षकांची रांग उभी असते आणि अख्खा संघ त्या रांगेला टाळ्या देत पुढे सरकतो. तीस पोरं, दहा-बारा परीक्षक, हिशेब तुम्हीच करा.

शनिवारी दुपारी एक अनोळखी संघ धापा टाकत आमच्याकडे आला. त्यांच्या एका मोटरचा कंट्रोलर जळला होता आणि पुढच्या सामन्यात ते आमच्याच विरुद्ध होते. आमच्या कॅप्टन मुलीने पेटीतून सुटा कंट्रोलर काढून दिला, वर एक पोरगा सोबत पाठवला जोडायला. मी नातीकडे पाहिलं. ती म्हणाली, "असंच असतं, आजोबा." एमआयटीतले वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक या स्पर्धेच्या घडणीत सुरुवातीपासून होते, २०१९ मध्ये ते गेले. जीव तोडून लढायचं पण समोरच्याला माणसासारखं वागवायचं, हे त्यांनी या पोरांच्या रक्तात भिनवलं म्हणतात. तो सामना आम्ही हरलो, त्यांच्या त्याच मोटरीमुळे.

आमच्या गाळ्यात एक अबोल मुलगी होती. तिने कोपऱ्यात काड्यापेटीच्या चार पट आकाराची एक डबी टांगली होती. डबी तिनेच थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, आत सेन्सर, पुढे आकडा. मला वाटलं तापमान. ती म्हणाली, कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या मोकळ्या हवेत दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. सकाळी दारं उघडली तेव्हा डबी सहाशे दाखवत होती, दुपारी दोन हजारांच्या पुढे गेली. मी विचारलं, त्याने गुदमरायला होतं का? नाही म्हणाली, तेवढ्याने काही होत नाही, पण आपण सोडलेल्या श्वासात तो जवळजवळ चाळीस हजार असतो. मग तिने माझ्या हातात असलेल्या एका कार्डावर पेनाने भागाकार मांडला. दोन हजारांतून बाहेरचे सव्वाचारशे वजा, भागिले चाळीस हजार. उत्तर आलं चार टक्के. म्हणजे त्या खोलीत आपण पंचवीस श्वास घेतले तर त्यातला एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला. मी म्हटलं, बापरे. ती खांदे उडवून बॅटरी बदलायला गेली. गाळ्यात बाकी कुणी त्या डबीकडे पाहत नव्हतं. बॅटरीचा व्होल्टेज मात्र दर दहा मिनिटांनी पाहत होते.

रविवारी रात्री घरी आलो तेव्हा घसा बसला होता. ओरडून बसला म्हटलं. सोमवारी ठीक. मंगळवारी पहाटे थंडी वाजून आली, ती अशी की दोन रजया आणि वर मुलीचा कोट घालूनही दात वाजत होते. पाठीचा एक-एक मणका सुटा करून कुणी पुन्हा चुकीच्या क्रमाने बसवावा तसं दुखत होतं. खोकला कोरडा. नातीलाही ताप. आणि तिच्या फोनवर टिंग टिंग सुरू: कॅप्टन आजारी, रोबो चालवणारा आजारी, त्याचा धाकटा भाऊ आजारी, शिकवणारे दोन शिक्षक आजारी. पोरांना याचं काही नवल नव्हतं. मोठ्या मेळाव्याहून आलं की हे व्हायचंच, असं त्यांच्यात धरून चालतात. नाव पण आहे त्याला त्यांच्यात, ते मी इथे लिहीत नाही, जेवायच्या वेळी वाचणारे असतात.

मुलीने फार्मसीतून एक खोका आणला. घरच्या घरी नाकात काडी फिरवायची, थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. कोविडची आणि फ्लूची परीक्षा एकाच पट्टीवर. आमच्या वेळी इंजिनाच्या तेलात बोट घालून बघायचो, तसं आता माणसाचं झालंय. कोविडच्या जागी काही नाही. 'ए' अक्षरासमोर गुलाबी रेघ उमटली. इन्फ्लुएन्झा ए. नातीची तशीच रेघ, जरा गडद. तिने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून फोटो काढला आणि संघाला पाठवला. आजारी माणसाला असलं काय सुचतं कोण जाणे.

त्या हिवाळ्यात अमेरिकेत फ्लूने कहर केला होता. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०२४-२५ चा मोसम सगळ्या वयोगटांसाठी तीव्र ठरवला; तसं त्याआधी २०१७-१८ मध्ये झालं होतं. आल्या-आल्या मुलीने मला फार्मसीत नेऊन लस टोचून आणली होती. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लसीने आजार टळतोच असं नाही, पण या वयात तो छातीत उतरून हॉस्पिटलात जाण्याची वेळ येऊ नये म्हणून ती असते. त्या जागेचं नाव अर्जंट केअर. अर्जंटचा अर्थ तिथे वेगळा असावा, कारण आम्ही बराच वेळ बसून होतो. प्रवासी विम्याचा कागद खिडकीतल्या बाईने दोन्ही बाजूंनी वाचला, परत दिला आणि कार्ड मागितलं. पैसे आधी भरा, विमा कंपनीशी तुम्ही नंतर भांडा. हे मात्र मला ओळखीचं वाटलं.

गोळी दिली ती ओसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लू. नाव ऐकून मी उठून बसलो. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हेच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातला. शाळा, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, मास्क मिळेनात म्हणून तोंडाला रुमाल, आणि रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी. तेव्हा आमच्या खात्यातला एक हेल्पर मला म्हणाला होता की टॅमिफ्लूची गोळी मसाल्यातल्या चक्रीफुलापासून करतात. मी त्याला वेड्यात काढलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही. आता अंथरुणात दुसरं काम नव्हतं, तर जावयाला विचारलं. त्याने शोधून वाचून दाखवलं. खरंच. त्या औषधाची सुरुवात ज्या शिकिमिक आम्लापासून होते ते चीनमधल्या चक्रीफुलातून काढत. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने सगळे देश औषध साठवायला लागले, तेव्हा चक्रीफुलाचाच तुटवडा पडला. पुढे ते आम्ल जिवाणूंकडून बनवून घ्यायला लागले. म्हणजे मुलगी ज्या गोड्या मसाल्याची आमटी मला भरवत होती त्यात त्या गोळीचा कच्चा माल होता. कच्चा मालच फक्त; नुसतं चक्रीफूल चावून फ्लूचं काही होत नाही, लोखंड चाटून बस चालत नाही तशी गत. गोळी मात्र पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केली तर उपयोगाची, आणि मी त्या मुदतीत बसलो होतो.

ताप उतरला तशी माझी जुनी खोड वर आली. बस बंद पडून आली की आम्ही विचारायचो, आधी काय झालं? पट्टा तुटला म्हणून गरम झाली की गरम झाली म्हणून पट्टा तुटला? मी पोरांची यादी करायला घेतली. कोण कधी खोकलं, कुणाच्या हाताला हात लावला, कुणाचा पाना मी उचलला. ज्या मुलाला तीन सुताचा पाना दिला त्याच्यावर माझा पहिला संशय होता. त्याला तर काहीच झालं नव्हतं, ठणठणीत होता लेकाचा.

संघातल्या एका मुलाची आई बालरोगतज्ज्ञ आहे, मूळची नाशिकची. ती नातीला बघायला आली तेव्हा मी यादी पुढे केली. तिने वाचली आणि घडी घालून परत दिली. "काका, यातून काही निघणार नाही. ज्याला फ्लू झालाय तो खोकायला लागायच्या आदल्या दिवशीच तो वाटत सुटलेला असतो. शनिवारी त्या हॉलमध्ये ज्याने दिला त्याला स्वतःला तेव्हा माहीतही नसेल." मी म्हटलं, मग एवढ्या हातांना हात लावले ते? ती म्हणाली, हातही आहेत, पण हवेचं काय? माणूस बोलतो तेव्हा तोंडातून डोळ्यांना न दिसणारे कण उडतात, आणि जितका आवाज मोठा तितके जास्त. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे मोजून दाखवलं. बारीक कण खाली पडत नाहीत, उदबत्तीच्या धुरागत तरंगतात. मग तिने मार्च २०२० मधल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाचं सांगितलं. स्कॅजिट काउंटीत ६१ जण एका संध्याकाळी अडीच तास एकत्र गायले. त्यांतल्या एकाला लक्षणं होती. पुढे ५२ जणांना कोविड झाला, दोघे गेले. नुसतं गाणं, बंद हॉल. "आणि तुम्ही तर दोन दिवस ओरडत होतात," ती म्हणाली.

हे ऐकल्यावर मला त्या अबोल मुलीचा भागाकार आठवला. कार्ड स्वेटरच्या खिशात तसंच होतं.

ही स्पर्धा आजाराला घाबरत नाही अशातला भाग नाही. १२ मार्च २०२० ला फर्स्टने अख्खा मोसम थांबवला होता, तो पुढे पुरा झालाच नाही. नातीच्या शिक्षकांना तो दिवस लख्ख आठवतो. पेट्या भरलेल्या, गाडी दारात, आणि निरोप आला. पण त्यानंतर सगळं पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं, आणि हवेचा प्रश्न लोकांना नकोसा झाला.

पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. आमच्या भागात प्रत्येक संघ मोसमात दोन ठिकाणी खेळतो आणि दोन्हीकडचे गुण धरतात. पालकांची बैठक झाली, मलाही नेलं. एक गृहस्थ म्हणाले, टाळ्या देणं बंद करा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, बिल्ले बदलणं बंद करा, बाहेरच्या संघाला गाळ्यात घेऊ नका. टेबलावर सॅनिटायझरच्या बाटल्या रांगेने मांडून झाल्या होत्या. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फ्लूला जेल ठीक, पण ज्याने उलट्या-जुलाब होतात त्या नोरोव्हायरसला ते फारसं लागू पडत नाही, त्याला साबण आणि पाणीच पाहिजे. जेवायच्या आधी नळावर पाठवा पोरांना.

मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण बोललो. म्हटलं, त्या दोन दिवसांत मी जे चांगलं पाहिलं ते सगळं तुम्ही बंद करायला निघालात आणि जे वाईट होतं त्याला कुणी हात लावत नाही. समोरच्या संघाला मोटरचा कंट्रोलर द्यायचा तर पोर त्याच्या गाळ्यात जाणारच, कानात ओरडणारच. ते राहू द्या. हवा बदला. मुलीने ते इंग्रजीत सांगितलं, मला वाटतं जरा सौम्य करून.

हवा बदलणं म्हणजे काय ते पोरांनी परस्पर शोधलं. २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी नावाच्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने घरगुती हवा-गाळणीची कल्पना मांडली आणि टेक्ससमध्ये फिल्टर बनवणाऱ्या जिम रोझेन्थल यांनी ती करून पाहिली. कोर्सी-रोझेन्थल खोका. वीस इंचांचा चौकोनी पंखा, वीस इंचांचे चार फिल्टर, पुठ्ठा आणि टेप. शनिवारी सकाळी सामान आलं आणि मला वर्कशॉपमध्ये बोलावणं.

चारही फिल्टर उभे करून चौकोन करायचा. प्रत्येकाच्या कडेला बाण छापलेला असतो. हवा ज्या दिशेने जायची ती दिशा. बाण आतल्या बाजूला. दोन पोरं यावर भांडत होती, मी बोटाने दाखवलं. एअर क्लीनर उलटा बसवला तर काय होतं हे मला कुणी सांगायला नको. खाली खोक्याचा पुठ्ठा, वर पंखा आकाशाकडे तोंड करून, सगळ्या सांध्यांवर रुंद टेप. पंखा लावला. फिल्टरला कागदाचा कपटा धरला तर चिकटतो, पण नेटाने नाही. पंख्याच्या कोपऱ्यावर हात धरला आणि लक्षात आलं: वरून हवा परत आत चाललीय. पाती गोल फिरतात, पंख्याचं अंग चौकोनी, चारही कोपरे उघडे. मी म्हटलं, काउल कुठाय?

काउल त्यांना कळेना. आमच्या बसच्या रेडिएटरमागे पंखा असतो, त्याभोवती पत्र्याचं कडं असतं. ते नसेल तर पंखा आपलीच हवा पुन्हा पुन्हा घुसळत राहतो आणि घाटात इंजिन तापतं. मी पंख्याच्या खोक्याचाच पुठ्ठा मागून घेतला, पात्यांच्या घेरापेक्षा बोटभर कमी गोल भोक कापलं आणि वर टेप मारून बसवलं. पुन्हा कपटा धरला. खाडकन चिकटला. नात फोनमध्ये पाहून म्हणाली, "आजोबा, हे लोकांनी आधीच शोधलंय, इथे चित्र आहे." असू दे म्हटलं.

त्या अबोल मुलीने तेवढ्यात मोजमाप काढलं होतं. एक खोका वर्गाएवढ्या खोलीला चांगला. जिमला काही नाही, तिथे असे पुष्कळ लागतील आणि छतातली यंत्रणाही नीट चालायला हवी. आणि डबीवरचा आकडा खोक्याने कमी होणार नाही, कारण फिल्टर कण पकडतो, वायू नाही. त्यासाठी दार-खिडकीच उघडायला हवी. मग ठरलं की खोका वर्कशॉपमध्येच ठेवायचा, जिथे ही पोरं रोज संध्याकाळी चार-पाच तास एकमेकांच्या अंगावर बसून काम करतात. आणि खिडकी दोन इंच उघडी. थंडीवरून कुरबूर झाली, पण राहिली उघडी.

दुसऱ्या स्पर्धेला आणखी एक छोटा खोका नेला. तिथे नवीनच पंचाईत. गाळ्याला विजेचा एक प्लग, आणि त्यावर बॅटऱ्यांचे चार्जर. चार्जर सांभाळणाऱ्या मुलाने साफ सांगितलं, फ्यूज उडाला तर रोबो जागेवर बसेल. मी त्याला पंख्याच्या पाठीवरची पट्टी वाचून दाखवली, किती थोडी वीज खातो ते. त्याने माझ्या समोर बेरीज केली, दोनदा केली, आणि जेवणाच्या सुट्टीत लावायची परवानगी दिली. प्लगचा इनचार्ज म्हणून मला नेमलं. मी मास्क लावला होता. वर माझा चष्मा, त्यावर त्यांचा चष्मा, आणि दोन्हींवर वाफ. पाने मी बहुतेक हातांनी चाचपूनच दिले. त्या खेपेला संघातली थोडी पोरं आजारी पडली, बरीचशी नाही. फ्लूची लाटही एव्हाना ओसरत आली होती. दोन स्पर्धांवरून काय सांगणार?

खोक्याचा फोटो मी दापोडीतल्या माझ्या जुन्या जोडीदाराला पाठवला. आम्ही दोघं एकाच साली निवृत्त झालो. त्याचं उत्तर आलं, "नातीकडे गेलायस की ड्यूटीवर?" मग त्याने फोटो मोठा करून बघितला असावा, कारण पाठोपाठ दुसरं आलं: काउल चांगला बसलाय, फिल्टर केवढ्याला पडले? मी चारांची किंमत डॉलरमध्ये कळवली. थोडा वेळ काही आलं नाही. तो पंच्याऐंशीने गुणत होता. मग आलं, "एवढ्यात मी तुला अख्खा रेडिएटर उघडून, साफ करून, परत बसवून दिला असता. वर चहा पाजला असता."